पित्ताचे खडे

१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनानं भरतेस, म्हणून लिहूनच कळवतो. घाबरू नकोस. नऊ तारखेला माझं एक लहानसं ऑपरेशन झालं. पित्ताशयात खडे होते, ते काढले. चौथ्या दिवशी घरी आलो. आता बरा आहे.

आधी सांगितलं नाही, कारण तू पहिल्या गाडीनं निघाली असतीस, आणि तुझ्या गुडघ्यांना आमचे तीन मजले झेपले नसते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीला लिफ्ट नाही, यावर तू दरवेळी हसतेस, तशी आताही हस.

सध्या सगळं पातळच घ्यायचं आहे. औषधाच्या पेल्यातून एकेक घोट. तुझी सून घड्याळ समोर ठेवून बसते आणि प्रत्येक पेल्याची वहीत नोंद करते. शाळेत गणित शिकवते, ते काही घरी सुटत नाही. वाटीभर सूप संपवायला मला अर्धा तास लागतो. पित्ताच्या ऑपरेशननंतर असंच असतं म्हणे.

दीड महिना रजा आहे. तशीही गेली दोन वर्षं गुडघ्यामुळे मी तक्रारींच्या टेबलावरच असतो, त्यामुळे कुणाची लिफ्ट माझ्यावाचून अडकलेली नाही.

काळजी करू नकोस.

तुझा,
ढब्बू


२४ फेब्रुवारी

ढब्बू,

पत्र वाचून आधी रागावले, मग रडले, मग परत रागावले. सहा वर्षांचा होतास तेव्हापासून तुला वाढवला, आणि पोट कापून घरी आल्यावर मला कळतं. माझे गुडघे माझे मी बघून घेतले असते.

आणि हे सूप काय लावलंय? सूप पिऊन कधी कुणी धड उभं राहिलंय का? वसतिगृहाच्या खानावळीत मी तीस वर्षं दोनशे मुलींना जेवू घातलं. त्यातल्या कितीतरी मुलींना आजारपणातून मी उठवलं, डॉक्टरनं नाही. तुझी सून हुशार आहे, पण पेले मोजून माणूस बरा होत नसतो. तिला सांगू नकोस मी असं म्हणाले ते.

सोबत डबा पाठवतेय. तुझ्या आवडीची लोण्याची बिस्किटं. दोन दिवस खपून केलीत, हाताला अजून वास येतोय.

आपल्याकडे म्हणशील तर वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीनं मोठा पराक्रम केलाय. जाडी कमी करायला चक्क पोट कापून लहान करून घेतलं. तुला खडे झाले, तुझा नाइलाज होता. पण हिला काय धाड भरली होती? तोंडाला कुलूप लावायचं सोडून पोटाला कात्री लावली. मी जिन्यात सगळ्यांना सांगितलं, की माझ्या भाच्याचंही पोट कापलंय, पण दुखणं होतं म्हणून. हौस म्हणून नाही.

डबा मिळाला की लगेच कळव.

तुझी आत्या


५ मार्च

प्रिय आत्या,

डबा मिळाला. बिस्किटं तशीच झालीत, पूर्वी व्हायची तशी. पहिल्याच दिवशी खाल्ली.

दोन दिवस जरा थकवा आहे, म्हणून पत्र आखूड.

त्या शिंपीणबाईंना काही बोलू नकोस. त्यांचं त्यांना माहीत.

तुझा,
ढब्बू


९ मार्च

ढब्बू,

बघ, मी म्हटलं नव्हतं? पहिल्याच दिवशी खाल्लीस म्हणजे तब्येत वळणावर आली. थकवा येणारच, महिनाभर पाण्यावर काढलेत. आता दुसरा डबा पाठवतेय, पहिल्याच्या दुप्पट. आटवलेल्या दुधाच्या वड्याही घातल्यात. त्या जड नाहीत, जिभेवर विरघळतात.

शिंपिणीचा तुला एवढा पुळका कशाला? मी काही तिच्या तोंडावर बोलत नाही. परवा जिन्यात भेटली. एकेका पायरीवर टेकत होती. चेहरा उतरलेला, केस विरळ झालेले. मी आपली बाजूला झाले आणि तिला जाऊ दिलं.

दोन वड्या सूनबाईंना दे.

तुझी आत्या


२३ मार्च

आत्याबाईंना नमस्कार,

हे पत्र त्यांना न सांगता लिहितेय. माझं चुकत असेल, तर रागवा.

कृपा करून आता खाण्याचं काही पाठवू नका. गेल्या मंगळवारी यांना परत दवाखान्यात न्यावं लागलं. पोटात पाण्याचा थेंब ठरत नव्हता. दोन दिवस सलाइनवर होते, शनिवारपासून घरी आहेत. जिवाला धोका नाही. पण डॉक्टरांनी बजावलंय, की ठरवून दिलेल्यापेक्षा वेगळा घासही पोटात जाता कामा नये.

डॉक्टरांनी 'बिस्किटं कुणी दिली?' असं विचारलं तेव्हा हे मान खाली घालून चादरीची शिवण चाचपत बसले. लग्नाला चौदा वर्षं झाली, यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

बाकीचं त्यांनी स्वतः तुम्हाला सांगायला हवं. मी त्यांना सांगितलंय, की त्यांनी लिहिलं नाही तर मी लिहीन. तुमच्यावर माझा राग नाही, हे खरंच मनापासून लिहितेय.

तुमची सून


२७ मार्च

ढब्बू,

सूनबाईंचं पत्र आलं. फार रीतीनं लिहिलंय, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. पण मला कळायचं ते कळलं. माझ्या हातचं खाऊन तू आजारी पडलास, असं तिचं म्हणणं आहे.

तीस वर्षांत माझ्या हातचं खाऊन एकाही मुलीचं पोट बिघडलं नाही. खड्याच्या ऑपरेशननंतर महिन्यानं माणसाला बिस्किट चालत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकतेय. इथल्या औषधांच्या दुकानदाराला विचारलं, तोही म्हणाला चालतं.

तुम्हाला माझं काही नको असेल, तर तसं सरळ सांगा. आडून कशाला?

आत्या


३१ मार्च

प्रिय आत्या,

दुकानदार बरोबर सांगतोय. खड्याच्या ऑपरेशननंतर महिन्यानं बिस्किट चालतं.

मला खडे नव्हते. तुमच्या शिंपीणबाईंनी जे केलं, तेच मी केलं. जठराचा मोठा भाग कापून काढला. उरलेलं एखाद्या केळ्याएवढं आहे. ऑपरेशनच्या दिवशी माझं वजन एकशे अठ्ठेचाळीस किलो होतं. कामावर, शेजारी, तुला, सगळ्यांना मी खडे सांगितले. खरं फक्त तुझ्या सुनेला माहीत आहे.

तुझं कुलूप आणि कात्रीचं वाक्य मी परत परत वाचलं. ते तुझं एकटीचं नाही, माझंही तेच मत होतं. पथ्य केलं होतं, पळालो होतो, तीनदा वीस-वीस किलो उतरवले आणि तीनदा व्याजासकट परत आणले. शेवटी ज्याला साधं तोंड आवरता येत नाही, त्यानं जाऊन पोट कापून घेतलं, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

टेबलावर गुडघ्यामुळे बसलो, तेही खरं नाही. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट जिच्यातून वर-खाली जाते त्या उभ्या पोकळीत, भिंतीला लोखंडी शिडी असते. तिच्यावर एकशे वीस किलोच्या वरच्या माणसाला परवानगी नाही. उस्तादांनी, ज्यांनी मला हे काम शिकवलं, त्यांनी सगळ्यांसमोर काही न बोलता माझ्या हातातला पाना घेतला आणि स्वतः उतरले. त्या वेळी ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. पोरं मला 'डबल' म्हणतात. लिफ्टमध्ये पाटी असते ना, आठ माणसं म्हणून. मी असलो की ते सात मोजतात. मीही हसायचो.

गेल्या सप्टेंबरमध्ये एका कचेरीच्या इमारतीत तक्रारीचा कागद सही करून आणायला गेलो होतो. खाली लिफ्टमध्ये पाच-सहा जण, मी शेवटी शिरलो. बझर वाजला. जास्त वजन झालं की दार मिटत नाही आणि बझर वाजत राहतो. तो का वाजतोय, हे तिथे माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. मी वर आकड्यांकडे बघायला लागलो. जणू काही बिघाड आहे आणि मी तो तपासतोय. अंगावर कंपनीचा शर्ट होता, लोकांनी विश्वास ठेवला. मग काठी घेतलेल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "मीच उतरते, जाते हळूहळू." त्या उतरल्या. बझर थांबला. दार मिटताना त्या जिन्याकडे वळताना दिसल्या. त्यांना चौथ्या मजल्यावर जायचं होतं, कारण मगाशी त्यांनी चारचं बटण दाबलं होतं. मीही चौथ्यावरच उतरलो. सही घेतली आणि त्या वर पोचायच्या आत दुसऱ्या बाजूच्या जिन्यानं पळालो. डॉक्टरकडे मी गेलो ते त्यानंतर.

आता बिस्किटांचं. तो माझ्या मिक्सरमधून वाटलेल्या खाण्याचा पहिला आठवडा होता. पहिलं बिस्किट तुझ्यासाठी खाल्लं, असं म्हणता येईल. पुढची दोन नाही. ती मी बाथरूममध्ये नळ सोडून खाल्ली. छातीत दगड अडकल्यासारखं झालं, घाम फुटला आणि सगळं उलटून पडलं. बायकोला म्हणालो, सूप लागलं नाही. दुसरा डबा आला तेव्हा ती शाळेत होती. तो मी औजारांच्या पिशवीत, पान्यांखाली लपवला. पुढचे चार दिवस काय केलं ते विचारू नकोस. चावायचो आणि थुंकायचो, कधी थुंकायचो नाही. भूक नव्हती आत्या. भूक त्या ऑपरेशननं खरंच नेली. भूक नसताना मी हे करत होतो, याचीच मला सगळ्यात लाज वाटते. मग मला पोटाचा दोष तरी कसा काढता येईल? बेसिनच्या जाळीत तिला चुरा सापडला. ती ओरडली नाही. तिनं पिशवी उघडली, डबा काढला आणि रिक्षा बोलावली.

म्हणजे तुझ्या बिस्किटांनी मला आजारी पाडलं नाही. तुझ्यावर ते येऊ नये म्हणून हे लिहितोय.

बारा दिवसांपासून वजनाचा काटा एकशे तेहतीसवर अडकलाय. डॉक्टर म्हणतात, असं होतं. पण रोज सकाळी त्यावर उभं राहिलं की वाटतं, संपलं, एवढ्यासाठीच केलं का हे? कापलेलं परत जोडता येत नाही.

तुला रागवायचं असेल, तर रागव. फक्त मला त्या शिंपीणबाईंसारखं जिन्यात बाजूला होऊन जाऊ देऊ नकोस.

तुझा भाचा


२ मे

बाळा,

तुझ्या पत्राला महिना झाला. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा वरच्या नावापाशीच अडले. चाळीस वर्षं तुला ज्या नावानं हाक मारली, ते कागदावर उतरेना. तू कधी म्हणाला नाहीस की नको म्हणून. मीही कधी विचारलं नाही.

आधी शिंपिणीकडे गेले. तिनं दार अर्धंच उघडलं. मी म्हटलं, तुझी तब्येत विचारायला आले. ती म्हणाली, "आजी, तुम्ही जिन्यात माझ्याबद्दल जे बोलता, ते मला घरात ऐकू येतं. तुम्हाला ऐकायला कमी येतं, म्हणून तुम्ही फार मोठ्यानं बोलता." आणि दार लावून घेतलं. चार दिवसांनी परत गेले. कानातलं यंत्र घालून गेले आणि दारातच सांगितलं, की माझ्या भाच्याचंही हेच ऑपरेशन झालंय, मी खोटं सांगत होते, म्हणजे मला खोटं सांगितलं होतं. तेव्हा आत घेतलं. खुर्ची दिली, पाणी दिलं नाही. तिनं सांगितलं, काटा सगळ्यांचाच अडकतो, तिचा तीन आठवडे अडकला होता. नंतर सुटला. केस गळतील, ते परत येतात. आणि बाथरूममधलं जे तू लिहिलंस, ते तिला मी सांगितलं नव्हतं. तिनंच विचारलं, "तो लपून खातो का?" ती म्हणाली, "त्याबद्दल बोलायला दवाखान्यात एक वेगळी बाई असते, त्याला तिच्याकडे जायला सांगा. मीही जाते."

आता माझं. तू लिहिलंस म्हणून मी लिहितेय, नाहीतर हे माझ्याबरोबरच गेलं असतं.

तुझी आई गेली आणि दादा कामासाठी दूर गेला, तेव्हा तुला मी खानावळीत घेऊन जायचे. तुला वाटतं, तुला तिथे आवडायचं म्हणून. मागे एकदा म्हणाला होतास, कोठीच्या खोलीतले ते दिवस तुझ्या आयुष्यातले सगळ्यात छान दिवस. तेव्हा मी मान हलवली होती. अरे, वसतिगृहात मूल आणायची परवानगी नव्हती. अधीक्षक बाईंची खोली कोठीच्या पलीकडेच होती. तू आईसाठी रडायचास, आणि तुझं रडणं ऐकू गेलं तर माझी नोकरी जाणार होती. तोंड भरलेलं असलं की तू रडायचा नाहीस. म्हणून मी भरत राहिले. पाव, साखर, साय, मुलींच्या वाटणीचं जे हाताला लागेल ते. तू नको म्हणालास तरी. एकदा तू ओकलास, आणि मी तुझं तोंड पुसून परत भरलं, कारण पलीकडे चपलांचा आवाज आला होता. रोज दुपारी चारपर्यंत, दोन वर्षं हे चाललं. पुढे तू शाळेतून आलास की स्वतःच खायला मागायला लागलास. मला वाटलं, चला, पोर रुळलं.

मी तुला जीव लावला हे खरं आहे. पण त्या खोलीत मी तुला जीव लावत नव्हते, गप्प करत होते.

म्हणून ते कुलूप-कात्रीचं मी जे म्हणाले, ते म्हणायचा अधिकार जगात कुणाला नसेल, तर तो मला.

सूनबाईंना माझा नमस्कार सांग. आशीर्वाद नाही, नमस्कार.

आत्या


१४ मे

प्रिय आत्या,

पत्र तुझ्या सुनेला वाचायला दिलं. तिनं ते घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवलं आणि मला परत दिलेलं नाही. ती तुला वेगळं लिहिणार आहे.

कोठीच्या खोलीबद्दल मी काय लिहू? मला चपलांचा आवाज आठवतो. मला वाटायचं, आपण दोघं मिळून कुणापासून तरी लपण्याचा खेळ खेळतोय. तू घाबरलेली असायचीस, हे कळलं नव्हतं. तू तेव्हा तीस वर्षांची होतीस, आत्ताच्या माझ्यापेक्षा कितीतरी लहान. मी तुझ्यावर रागावलेला नाही. आज तरी नाही. उद्या आला राग, तर लिहीन, लपवणार नाही. शिंपीणबाईंनी सांगितलेल्या बाईंकडे दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी तासभर फक्त हवापाण्याच्या गप्पा मारल्या. दुसऱ्या वेळी बाथरूमचं सांगितलं.

काटा सुटला. सध्या एकशे एकवीस. थंडी वाजते, लवकर दमतो, आणि कामावरची पोरं येताजाता पाठ थोपटतात, खडे तुला मानवले म्हणून. मी हसतो. तुला सगळं लिहून टाकल्यावर वाटलं होतं, आता तिथेही सांगून टाकीन. नाही जमलं.

पण गेल्या गुरुवारी वेगळंच झालं. उस्तादांच्या बायकोला खरंच पित्ताचे खडे झालेत. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं आणि काकू अडून बसल्या होत्या, मी टेबलावर मरेन म्हणून. उस्ताद मला म्हणाले, "तू नुकताच यातून गेलायस. जरा घरी येऊन तिला सांग. तुझं ऐकेल." कंपनीच्या गाडीत पाऊण तास त्यांच्या शेजारी बसलो होतो. सांगायचं, तर तिथेच सांगता आलं असतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

काकूंनी वहीच्या पानावर प्रश्न लिहून ठेवले होते, नऊ. त्यांनी चष्मा लावला आणि पहिला वाचला, "तुम्हाला किती दिवसांनी नीट जेवता आलं?"

मी तोंड उघडलं. काही ना काही ठोकून देता आलं असतं. पण त्या पेन्सिल धरून बसल्या होत्या आत्या, मी सांगेन ते लिहून घ्यायला. म्हणालो, "काकू, मला अजून नीट जेवता येत नाही. मला खडे नव्हते. मी वजनासाठी पोट कापून घेतलं. सगळ्यांना खोटं सांगितलं."

उस्ताद स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभे होते. ते तिथेच थांबले. काकूंनी पेन्सिल खाली ठेवली. मग काकू म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला माझ्या दुखण्यातलं काहीच माहीत नाही."

"नाही. पण माझ्या शेजारच्या खाटेवर खड्यांचं ऑपरेशन झालेले एक गृहस्थ होते," मी म्हणालो. "ते दुसऱ्या दिवशी चालत घरी गेले. आणि पोटाला भोकं तशीच पाडतात. मला पाच आहेत, त्यांना चार होती."

"केवढी?"

मी बोटानं दाखवलं. त्यांचा विश्वास बसेना. "मला प्रत्यक्ष बघायची आहेत," म्हणाल्या.

तुला माहीत आहे, मी कधी तुझ्यासमोरही बनियन काढलं नाही. आता तर जे आहे, ते आधीपेक्षा वाईट आहे. कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबते, घड्या पडल्यात. मी उस्तादांकडे बघितलं. त्यांनी कप टेबलावर ठेवले आणि नजर वळवली नाही. मी उभा राहिलो आणि शर्ट वर केला.

काकू खुर्ची ओढून जवळ आल्या. एकेक मोजलं. "एवढीशीच?" म्हणाल्या.

"एवढीच."

"आणि हे उजवीकडचं जरा लाल आहे?"

"ते उशिरा भरलं. सुरुवातीला खोकताना दुखायचं. उशी पोटाशी धरून खोकायचं, म्हणजे कमी दुखतं."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग वहीकडे बघून दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. भूल उतरताना काय होतं, खांदा का दुखतो, पहिल्यांदा उठून उभं राहताना कुणाचा हात धरायचा. जे माहीत होतं, ते सांगितलं. जे माहीत नव्हतं, ते डॉक्टरांना विचारायला सांगितलं. उस्ताद मधेच म्हणाले, "तरी मला वाटलंच, दीड महिना घरी बसवतील एवढे कसले हे खडे," आणि काकू त्यांच्यावर डाफरल्या, की मला नीट ऐकू दे.

त्यांचं ऑपरेशन सोमवारी झालं. काल घरी आल्या. उस्तादांनी कामावर कुणाला काही सांगितलेलं नाही, तिथे ते माझं मलाच सांगायचं आहे.

नववा प्रश्न संपला, काकूंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "अहो, आता तरी बसा, हात दुखला असेल." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी इतका वेळ शर्ट मुठीत धरून तसाच उभा होतो.

तुझा भाचा